बिडातली आई

मार्च लागला की आमच्या कॉलेजचा व्हरांडा चालण्याच्या कामाचा राहत नाही. एका बाजूला ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकलेले, दुसऱ्या बाजूला प्लास्टरच्या बादल्या, आणि मधे ओल्या पोत्यात गुंडाळलेली मातीची डोकी. वर्षभर माझ्या तासाला मागच्या बाकावर पेंगणारी मुलं या दिवसांत दाराशी शहाण्यासारखी उभी राहतात आणि विचारतात, मॅडम, चोल ब्राँझ नक्की येणार का. मी कलेचा इतिहास शिकवते. एरवी सगळा मान स्टुडिओला, पण परीक्षेच्या तोंडावर माझाही भाव वाढतो.

बाहेर गळलेल्या पानांचा वारा असतो. उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात असतात आणि कुठंतरी पेटवलेल्या पाचटाचा वास वर्गात येतो. मुली तिखटमीठ लावलेली कैरी खात खात तारखा पाठ करतात. सगळ्यांच्या बोटांना शाडू वाळलेला असतो आणि त्याच बोटांनी ती पानं उलटतात. पेपर तपासताना उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात असा मातकट अंगठा उमटलेला दिसला की माझा हात थोडा वेळ थांबतो. माझ्या शेवटच्या वर्षाच्या उत्तरपत्रिकेवरही अंगठा उमटला होता. तो मात्र काळा होता. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या वाळूचा.

तो तिथं कसा आला हे सांगायचं तर आण्णांपासून सुरुवात करायला हवी.

आण्णा म्हणजे माझे वडील. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात घरची थोडी शेती होती, पण ती काका बघायचे. आण्णा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर होते. नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा, हे त्यांचं काम. त्या ओतीव लोखंडाला आमच्याकडं बीड म्हणतात. पहिली पाळी असली की सकाळी मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून शिरोलीच्या फाट्यापर्यंत यायची. ते डबा घेऊन आत वळायचे, मी सिटी बसनं कोल्हापुरात यायची. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा कितीही साबण लावला तरी कानाच्या पाळीत आणि नखांच्या कडेला काळं राहिलेलंच असे.

कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी शेती असं लिहिलं होतं. ते अगदी खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं हे मला लिहिताना कळत होतं. आमच्याकडं बायकाही ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच बोलतात. मी घरी ‘जातो’ म्हणायची आणि फाट्यावर बसमध्ये पाय ठेवला की ‘जाते’ म्हणायला लागायची. चार वर्षं मी त्या फाट्यावर रोज थोडी बदलत होते. आण्णांना ते ठाऊक असावं. ते कधी कॉलेजच्या दारापर्यंत सोडायला आले नाहीत आणि मीही कधी चला म्हटलं नाही.

कलेचा इतिहास आम्हाला इनामदार मॅडम शिकवायच्या. खिडक्यांना काळे कागद लावलेल्या खोलीत त्या पडद्यावर एक चित्र टाकायच्या आणि गप्प बसायच्या. कुणी नाव विचारलं तर म्हणायच्या, आधी बघा, नाव नंतर सांगते. आज मीही माझ्या वर्गात तेच करते. मुलांना पहिले काही तास ते फार अवघड जातं. बघण्यासारखं काही उरलं नाही असं वाटेपर्यंत बघायचं आणि त्यानंतर खरं दिसायला लागतं, हे तारखांसारखं पाठ करून घेता येत नाही.

शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत मॅडमनी आम्हाला एक टिपण लिहायला सांगितलं. आपापल्या गावातलं एक शिल्प निवडायचं, पुस्तकात नसलेलं. आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पार्श्वनाथांची वीतभर उंचीची धातूची मूर्ती आहे. डोक्यावर नागाच्या फणा. आण्णा लहानपणापासून तिच्यावर अभिषेक करत आलेले. एका रविवारी मी वही घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. अभिषेक झाला, ओलेत्या धोतरातच त्यांनी मूर्ती पुसली, आणि मी काय काय लिहिते आहे ते बघून की काय, त्यांनी ती हलकेच कलती करून तिच्या तळाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मला जवळ बोलावून तळावरचे दोन खडबडीत ठिपके दाखवले.

“हितनं रस घातलाय,” ते म्हणाले. “आन हितनं आतली हवा भाईर काढून दिलीया.”

मग फणांवरून बोट फिरवत राहिले. पिंपळाच्या पानाइतक्या पातळ होत्या त्या. एवढ्या पातळ जागेत रस गार व्हायच्या आधी पोचवायचा म्हणजे काय काम आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “ह्यो वतणारा माझ्यापरास लई हुशार हुता.”

त्या दिवशी त्यांचा नमस्कार नेहमीपेक्षा लांबला. त्यातला थोडा त्या कारागिराला होता असं मला वाटलं.

मी ते सगळं टिपणात लिहिलं. आठवड्यानं मॅडमनी सगळ्यांचे कागद परत दिले, माझा तेवढा ठेवून घेतला. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि हे कुठल्या पुस्तकातून घेतलंस असं विचारलं. वडिलांनी सांगितलं, मी म्हणाले. वडील काय करतात? शेती हा शब्द तोंडापर्यंत आला होता. तो मी गिळला आणि खरं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतकी वर्षं मी धातूचं ओतकाम पुस्तकातून शिकवते आहे, त्या म्हणाल्या, आणि रस ओतताना मी एकदाही पाहिलेलं नाही. तुझ्या वडिलांना इथं बोलव.

आण्णा आधी तयारच होईनात. आठवीत शाळा सोडलेला माणूस कॉलेजात जाऊन काय बोलणार, हे त्यांचं पालुपद. तो प्रश्न आईनं सोडवला. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, रोज घरात बोलता तेवढंच तिथं बोला की.

पहिली पाळी संपवून, कंपनीच्या नळावर आंघोळ करून, ठेवणीतला पांढरा शर्ट घालून आण्णा आले. खांद्यावर सिमेंटच्या पोत्यात वाळू. मी गेटवर उभी होते. कानाच्या पाळीत काळं होतंच. ते दिसलं आणि मी आधी आजूबाजूला कोण बघतंय ते पाहिलं, नाही म्हणणार नाही. पण वर्गाच्या दारात मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हे माझे वडील. फाउंड्रीत मोल्डर आहेत.”

वर्ग बघून आण्णांचा आवाज बसला. दोनदा खाकरले. मग त्यांनी घमेल्यात वाळू ओतली, तीत हात घातला, आणि हाताबरोबर आवाजही आला. वाळू मुठीत दाबा, ते म्हणाले, आता मूठ उघडा. बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत आणि गोळा मोडला की दोनच तुकडे झाले पाहिजेत. चुरा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. प्रत्येकानं मूठ भरून बघितली. इनामदार मॅडमनी बघितली. मग आण्णांनी आम्ही ड्रॉइंगला वापरायचो तो प्लास्टरचा कान मागून घेतला, वाळूत दाबला, काढला, आणि ओतायला लोखंड नव्हतं म्हणून आमच्याच बादलीतलं प्लास्टर ओतलं. कान म्हणजे फार वाईट वस्तू, ते सांगत होते, मागच्या बाजूला वाळू अडकते, नमुना काढताना साचा मोडतो. प्लास्टर घट्ट झाल्यावर वाळू झाडून नवा कान त्यांनी मॅडमच्या हातात दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे खाली वाकून तो कान बघत होते. माझ्या आठवणीत त्या कॉलेजात इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या तासाला नव्हती.

जाताना ते स्टुडिओत डोकावले. तिथं माझ्या स्टँडवर आईचं डोकं होतं, मातीतलं. परीक्षेसाठी करत होते. दुपारी ती शेंगा फोडत बसली की मी समोर बसून तिची स्केचेस करायची. आण्णांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं ओलं कापड बाजूला केलं आणि बघत उभे राहिले. ही कधी बसली तुझ्यापुढं, एवढंच विचारलं. मग याचं पुढं काय करणार, ते विचारलं. फायबरमध्ये काढून ब्राँझचा रंग मारायचा, मी म्हणाले. सगळे तसंच करायचे.

“म्हंजी पितळंचं सोंग,” आण्णा म्हणाले. “त्यापरास बिडात वतूया की.”

शिल्पकलेच्या सरांनी हो म्हणायला दोन दिवस घेतले. परीक्षा तोंडावर होती आणि बिघडलं तर दाखवायला काही उरणार नव्हतं. शेवटी प्लास्टरची एक प्रत काढून ठेवायच्या अटीवर त्यांनी परवानगी दिली. फाउंड्रीच्या मालकांनी आण्णांच्या शब्दाखातर पाळी संपताना भट्टीत उरलेला रस वापरायला दिला. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले. माझं तोंड भट्टीत घालणार व्हय तुम्ही बापलेक, म्हणाली.

चार वर्षं जिच्या फाट्यावरून रोज गेले त्या शेडमध्ये मी त्या मार्चात पहिल्यांदा पाऊल टाकलं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत त्याहून वेगळी, कोरडी, गंधकाच्या वासाची उष्णता. मला वाटलं होतं आण्णा करतील, मी बघेन. त्यांनी कुटणी माझ्या हातात दिली. परीक्षा तुझी आहे, वाळू तू कुटायची, म्हणाले. कॉलेज सुटलं की मी फाट्यावर उतरायची आणि दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं घरी. आईच्या डोक्याच्या साच्याचे भाग पाडले. कानांसाठी वाळूचे वेगळे छोटे तुकडे केले. तिच्या अंबाड्याचे पेड वाळूत स्वच्छ उठेनात म्हणून ते मी तीनदा केले. चौथ्यांदा आण्णांनी नुसतं हूं म्हटलं, आणि त्यांच्या हूंचं मोल मला त्या आठवड्यात कळायला लागलं होतं.

पहिल्यांदा ओतलं तेव्हा रस साच्यात जाताना मी श्वास धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी वाळू फोडली. कपाळ आलं, अंबाडा आला, हनुवटी आली. नाक नव्हतं. रस तिथं पोचायच्या आधीच गार झाला होता. नाकाच्या जागी एक बोथट, गोल कडा होती. आसपासची माणसं आपापल्या कामाला लागली.

घरी आईला कळलं तेव्हा ती हसायला लागली. भर एमआयडीसीत नाक कापलंसा की माझं, म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसतच राहिली. आण्णा हसले नाहीत. ताटावरून अर्धवट उठले, प्लास्टरची प्रत मांडीवर घेऊन बसले आणि तिच्या नाकावरून, कपाळावरून अंगठा फिरवत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी आईचा चेहरा इतका वेळ बघितला असेल असं मला वाटत नाही. आईच्याही ते लक्षात आलं असावं. तिचं हसणं थांबलं आणि ती उगाचच चुलीकडे गेली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “तोंड वर करून वतलं हे चुकलं. तोंड खाली पायजे. रस पैल्यांदा नाकात गेला पायजे, गरम असताना.”

सगळं पहिल्यापासून करायचं होतं. पुन्हा वाळू, पुन्हा कान, पुन्हा अंबाडा. दुसऱ्यांदा ओतलं ते इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी. पेपरच्या सकाळी हात घासून घासून लाल केले, तरी उजवा अंगठा काळाच राहिला, आणि धातुशिल्पावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना तो पानावर उमटला. पुस्तकातला क्रम मी लिहिलाच, पण शेवटी दोन ओळी माझ्या लिहिल्या: चेहरा खाली ठेवतात, म्हणजे सर्वांत गरम धातू सर्वांत नाजूक भागाला मिळतो. त्या ओळींवर किती गुण मिळाले मला माहीत नाही. आजही कुणी विद्यार्थी असं हातानं शिकलेलं एखादं वाक्य लिहून ठेवतो, तेव्हा मी ते दोनदा वाचते.

पेपर संपताच मी शिरोली गाठली. आण्णांची पाळी केव्हाच सुटली होती, पण त्यांनी साचा फोडला नव्हता. डबा शेजारी ठेवून ते त्याच्याजवळ बसून होते. मला बघून उठले आणि म्हणाले, “फोड.”

वाळू अजून कोमट होती. मी आधी हातानंच चाचपलं. बोटांना नाक लागलं. पूर्ण, आईचं, शेंड्याला किंचित वळलेलं नाक. मी तशीच खाली बसले. आण्णांनी सगळं डोकं सावकाश बाहेर काढलं, फिरवून फिरवून बघितलं, आणि डाव्या भुवईवर राहिलेला बारीकसा उंचवटा दाखवून घासू का विचारलं. मी नको म्हटलं. तो अजून आहे.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आईच्या डोक्यावर टिचकी मारली. घण्ण असा आवाज आला. सगळीकडे फायबर, आणि मधेच हे. कारखान्यातलं काम आहे, ते म्हणाले, विद्यार्थ्याचं काम मातीपाशी संपतं. आमचे सर काही बोलणार होते, त्याआधी मीच बोलले. वाळू मी कुटली आहे, सर. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. साच्याचे भाग कुठं पाडले, कानांचं काय केलं, तोंड खाली का. मी सांगत गेले आणि सांगताना मला माझ्याच तोंडून आण्णांचा आवाज ऐकू येत होता. भरात मी कधीतरी ‘मी कुटलो’ म्हणून गेले. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी मी ते सुधारलं नसतं.

त्यांचं समाधान झालं असावं, कारण ते कार्डाकडे वळले. त्यावर मी लिहिलं होतं: शीर्षक, आई. माध्यम, बीड. घडण, माझं नाव. ओतकाम, आण्णांचं पूर्ण नाव.

परीक्षेच्या कामावर एकच नाव चालतं, ते म्हणाले, दुसरं खोडा.

मी पेन हातात घेतलं नाही. महिन्यापूर्वी इतिहासाच्या तासाला मॅडमनी आम्हाला विचारलं होतं की इतक्या मूर्ती बघितल्या, त्यातल्या एकीच्या तरी ओतणाऱ्याचं नाव तुम्हाला सांगता येईल का, आणि कुणालाच सांगता आलं नव्हतं.

“गुण कमी करा, सर,” मी म्हणाले. “नाव राहू दे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या स्टँडकडे गेले.

मला पहिला वर्ग मिळाला, पहिला नंबर आला नाही. त्याचं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. आता नाही वाटत. आता असं वाटतं की त्या कार्डावर दोन नावं शेजारी लिहिली तेव्हाच मी त्या कॉलेजातून उत्तीर्ण झाले होते, निकाल पुढं केव्हातरी लागला. पुढं मी शिल्पकार न होता इतिहासाकडे वळले, त्यालाही तेच कार्ड कारण आहे. मुलांना मूर्ती दाखवताना मी तिच्या तळाविषयी बोलते. रस कुठून घातला असेल ते शोधायला लावते. कुणाचे वडील गवंडी असतात, कुणाची आई घरी चपलांची वेणी घालते. हळूहळू ती बोलायला लागतात. फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मी विचारत नाही.

एप्रिलअखेर कॉलेजचं प्रदर्शन लागलं. दुपारी वळवाचा शिडकावा होऊन गेला होता, अंगणात गुलमोहराचा लाल चिखल झाला होता. आई नवी साडी नेसून आली आणि आल्यापासून स्वतःच्या डोक्याशेजारी उभी राहिली. लोक एकदा बिडाकडं बघायचे, एकदा तिच्याकडं, आणि ती दर वेळी मान थोडी वर करायची. थोड्या वेळानं आण्णा आले, पाळीवरून थेट, आणि त्यांच्याबरोबर फाउंड्रीतली सात-आठ माणसं, कामाच्याच कपड्यांत. पांढऱ्या भिंतींच्या त्या हॉलमध्ये ती दाराशीच घुटमळली. मी जाऊन त्यांना आत घेऊन आले.

एका गृहस्थांनी कार्ड वाचून आण्णांना विचारलं की ओतकाम म्हणजे तुम्हीच का. चांगलं झालंय, म्हणाले. आण्णा नुसते मान हलवतील असं मला वाटलं होतं. पण ते बोलले, आणि त्या गृहस्थांशी कमी, आपल्या माणसांशी जास्त.

“जल्मभर वतत आलोय, पावणं. पंप, ब्रेकचं ड्रम, गिअरचं डबं. समदं गाडीच्या पोटात जातंय, कुनाला दिसत न्हाय. ह्यो एकच पीस भाईर ऱ्हायला.”

फाउंड्रीतली माणसं माना हलवत होती. त्यांच्यातला एक जण पुढं झाला, आईच्या बिडाच्या गालाकडे हात नेला आणि तिथं ठेवलेली पाटी बघून थबकला. कलाकृतींना हात लावू नये, असं तिच्यावर छापलेलं होतं. मी ती पाटी उचलली, पालथी करून टेबलाखाली ठेवली आणि त्या सगळ्यांना म्हणाले, लावा की हात. मग त्यांनी रांग लावली.